पत्ते कोण वाटतंय?

फायबर जोडणारा मुलगा हॉलमध्ये उभा राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो, आकडा शंभराच्या पुढे जातो, घरातले सगळे मान डोलावतात आणि तो पुढच्या घराकडे निघतो. त्याचं काम तिथं संपतं. लाइन घरापर्यंत आणायची होती, ती त्याने आणली. मग रात्री कधीतरी मागच्या खोलीतल्या संगणकावरून मुलीच्या प्रोजेक्टची दोन पानं छापायची वेळ येते आणि स्क्रीनवर प्रिंटरच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ दिसतं. प्रिंटर चालू आहे, हिरवा दिवा लागलाय, कागद भरलेला आहे. काल दुपारपर्यंत तो निमूट छापत होता. इंटरनेट तर आधीपेक्षा सुसाट चाललंय. घरातलं कुणीतरी प्रिंटर बंद करून चालू करतं, कुणी काडतूस काढून परत बसवतं, आणि शेवटी ‘प्रिंटरच जुना झालाय’ असा निकाल लागतो. धडधाकट प्रिंटर असा भंगारात निघताना पाहिला की वाईट वाटतं, कारण बिघाड त्याच्यात नसतोच.

बाहेरून येणारी लाइन वेगळी आणि घरातल्या यंत्रांचं आपसातलं जाळं वेगळं. लाइनचे आपण महिन्याला पैसे देतो, म्हणून तिचा वेग मोजतो, ती अडली की फोन लावतो. आतल्या जाळ्याचं बिल येत नाही, म्हणून ते कुणाच्याच खाती नसतं. ते वर्षानुवर्षं थोडं थोडं करत उभं राहिलेलं असतं. दर वेळी नवं काहीतरी आलं, पण जुनं कुणी काढलं नाही. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट खुलं केलं तेव्हा ज्या घरात संगणक होता तिथं तो एकच होता, आणि फोनची तार त्यालाच लागायची. दुसरा संगणक आला तो मुलं मोठी झाल्यावर. १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ही सोय मिळाली आणि मग हॉलमधला संगणक मालक, आतल्या खोलीतला त्याच्यावर अवलंबून, अशी व्यवस्था घरोघरी लागली. ‘दादा, पीसी बंद करू नको रे, माझं डाउनलोड चालू आहे’, ही आतून येणारी हाक त्याच व्यवस्थेतली. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड २००५ साली आलं, आणि ज्या प्लॅनवर रात्री २ ते सकाळी ८ डेटा मोजला जात नसे, त्या घरांत हॉलमधला संगणक रात्रभर घरघरत असायचा. झोपेत त्या पंख्याचा आवाज आणि मॉडेमचे लुकलुकणारे दिवे यांची अख्ख्या घराला सवय झालेली होती. पुढे डोंगल आलं, मग वायफायचा राउटर, मग फायबरचा पांढरा डबा. पण हॉलमधल्या संगणकाच्या मागून निघून दाराच्या चौकटीवरून आत गेलेली ती करडी केबल बऱ्याच घरांत अजून तिथंच आहे, आणि तिच्या एका टोकाला ती जुनी सोयही जागीच आहे.

अशा घरात फायबर आलं की सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारावा: इथं पत्ते कोण वाटतंय?

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि तो देणारा कुणीतरी असतो, त्यालाच डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. घरगुती पत्ते कोणते वापरायचे हे १९९६ सालापासून ठरलेलं आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेत. म्हणून डोंबिवलीतल्या आणि नागपुरातल्या दोन घरांत एकच पत्ता असला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते एकाच घरात दोन वाटणारे असले की. एका सोसायटीत दोन सेक्रेटरी बसले आणि दोघेही आपापल्या वहीतून पार्किंगचे नंबर द्यायला लागले, तर गाड्या उभ्या राहतील, पण कुणाला कुणाची गाडी सापडणार नाही. इथंही तसंच होतं. इंटरनेट दोघांकडूनही मिळतं, म्हणून गडबड झाल्याचा कुणाला पत्ता लागत नाही. ती कळते प्रिंटरपाशी, शेअर केलेल्या फोल्डरपाशी, टीव्हीवर फोटो दाखवायला गेलं की.

तपासायला फार काही लागत नाही. एक कोरा कागद घ्यावा. प्रत्येक संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा सोडून ‘/ऑल’ अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. बरीच मोठी यादी येते. त्यातल्या चार ओळी पुरतात: आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क (पत्त्यांची मालिका कुठवर जाते ते सांगणारा आकडा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएचसीपी सर्व्हर. प्रत्येक यंत्रापुढे त्या लिहून काढाव्यात. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापता येतं, त्याचाही पत्ता कागदावर घ्यावा. मग कागदच बोलायला लागतो. हॉलमधला लॅपटॉप १९२.१६८.१.५ सांगतोय, गेटवे १९२.१६८.१.१, म्हणजे त्याला फायबरच्या डब्याने पत्ता दिलाय. मागच्या खोलीतला संगणक १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता दाखवतोय, तर तो अजून हॉलमधल्या संगणकाकडून इंटरनेट घेतोय, कारण विंडोज ७ पासून शेअरिंग करणारा संगणक स्वतःला १९२.१६८.१३७.१ हाच पत्ता लावून घेतो. विंडोज एक्सपीच्या काळात तो १९२.१६८.०.१ असायचा. आणि कुठे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या यंत्राने हाका मारल्या पण कुणी ओ दिली नाही. त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतलाय. तिथं केबल किंवा वाटणारा, दोन्हींतलं एक मेलेलं आहे.

प्रिंटरचं कोडं याच कागदावर सुटतं. जुन्या राउटरच्या राज्यात त्याचा पत्ता समजा १९२.१६८.०.१०५ होता आणि संगणकाने तोच मनाशी धरून ठेवलाय. नव्या डब्याची पत्त्यांची मालिका वेगळी, प्रिंटरला त्यातला नवा पत्ता मिळाला, आणि संगणक मात्र पानं जुन्याच पत्त्यावर पाठवतोय. याची सगळ्यात कमी त्रासाची वाट अशी की नव्या डब्यालाच जुन्याची सगळी ओळख द्यायची: वायफायचं तेच नाव, तोच पासवर्ड, लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या जाळ्यातला डब्याचा स्वतःचा पत्ता, पूर्वीचाच १९२.१६८.०.१, आणि पत्त्यांची मालिकाही तीच. मग फोन, टीव्ही, प्रिंटर कशालाच हात लावावा लागत नाही. जोडणारा मुलगा घरात असतानाच हे त्याच्याकडून करून घ्यावं. त्याला पाच मिनिटं लागतात. पण काही डब्यांत कंपनीने लॅनच्या सेटिंगला कुलूप लावलेलं असतं, आणि शिवाय हॉलमधल्या संगणकाचं शेअरिंग चालू असेल तर दुसरा वाटणारा तसाच राहतो. म्हणून ते आधी काढायचं.

रन खिडकीत इंग्रजीत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाकलं की सगळ्या जोडण्यांचं पान उघडतं. ज्या जोडणीतून इंटरनेट येतं तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, आणि पहिल्या चौकटीतली खूण काढायची. इथं बहुतेक जण थांबतात, आणि पुढच्या अडचणीचं मूळ इथंच असतं. मागच्या खोलीकडे जाणाऱ्या दुसऱ्या लॅन कार्डावर १९२.१६८.१३७.१ हा पत्ता कधी कधी चिकटून राहतो. त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये इंटरनेट प्रोटोकॉल आवृत्ती ४ उघडून पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) दोन्ही आपोआप घेण्यावर ठेवावेत. मागच्या संगणकावरही हेच पाहावं, कारण जुन्या काळी बऱ्याच जणांनी तिथं पत्ता हाताने भरलेला असतो. मग ती करडी केबल हॉलमधल्या संगणकातून काढून थेट फायबरच्या डब्याच्या लॅन पोर्टमध्ये घालायची. हॉलमधल्या संगणकाला डब्याकडून दुसरी केबल. इतकं झालं की दोघेही बरोबरीचे होतात आणि कुणी कुणासाठी चालू राहायची गरज उरत नाही. हॉलमधला संगणक आता रात्री खुशाल बंद करता येतो.

शेअरिंगची सोय मात्र मोडीत काढण्यासारखी नाही. शेतावरच्या घरात, हॉस्टेलच्या खोलीत, जिथं एक फोन किंवा डोंगल एवढाच आधार आहे, तिथं अजूनही तिच्यावरच काम भागतं. पण विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून संगणक बंद करून चालू केला की शेअरिंग गप्प होतं; खूण तशीच दिसते, पण आतल्या यंत्राला इंटरनेट मिळत नाही. खूण काढून परत लावली की चालतं आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. कायमचा उपाय दोन ठिकाणी करावा लागतो. सर्व्हिसेसच्या यादीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंगची सेवा ‘ऑटोमॅटिक’ करायची, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जनखालच्या ‘शेअर्डॲक्सेस’ या कप्प्यात ‘एनेबलरीबूटपर्सिस्टकनेक्शन’ नावाची ३२ बिटांची नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. दुसरी गोष्ट, विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉटही तीच १३७ ची मालिका वापरतो. म्हणून एका लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर दुसरा लॅपटॉप जोडून त्याने पुढे शेअर करायचं ठरवलं, तर आत-बाहेर एकच मालिका होते आणि सगळं ठप्प.

आता मागच्या खोलीतलं वायफाय. आरसीसीची भिंत, त्यात बाथरूमच्या फरश्या, कपाटाचा पत्रा. हॉलमधल्या डब्याचा सिग्नल तिथं पोचेपर्यंत दमलेला असतो. घरात पडून असलेला जुना राउटर इथं कामाला येतो, आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. केबल आली की माणसाचा हात आपोआप वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टकडे, म्हणजे बाहेरच्या लाइनसाठीच्या भोकाकडे, जातो. तिथं केबल घातली की इंटरनेट लगेच चालू होतं, आणि तेच घातक. राउटर आपली वेगळी मालिका वाटत बसतो, मागच्या खोलीचं वेगळं बेट होतं, आणि प्रिंटर पुन्हा हरवतो. आपल्याला त्याच्याकडून फक्त वायफाय आणि चार पोर्ट हवेत. त्यासाठी त्याला आधी एकट्याने, एका संगणकाला केबलने जोडून तयार करावं. क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा वायफायचं नाव आणि पासवर्ड. मग त्याचा लॅन पत्ता बदलून डब्याच्याच मालिकेतला पण वेगळा, समजा १९२.१६८.१.२, करायचा, म्हणजे फायबरच्या डब्याच्या १९२.१६८.१.१ शी टक्कर होणार नाही. सेव्ह केलं की पान तुटतं, केबल एकदा काढून घालावी आणि नव्या पत्त्यावर पुन्हा शिरावं. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. हे आधी केलं, तर पुढच्या खेपेला संगणकाला पत्ता मिळत नाही, १६९.२५४ येतो आणि राउटरचं पान उघडायचं बंद होतं. मग संगणकाला हाताने त्याच मालिकेतला एखादा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क भरून आत शिरावं लागतं. हे सगळं झालं की हॉलमधून आलेली केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घालायची, मागचा संगणक दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये, आणि वॅन पोर्ट रिकामं. काही राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असं बटणच असतं, ते हे सगळं एका फटक्यात करतं.

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, पण चॅनेल वेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांत मिसळत नाहीत. हॉलमध्ये १ असेल तर मागे ६ किंवा ११. घरगुती प्रिंटरांपैकी बरेचसे २.४ वरच बोलतात, म्हणून ते बंद करून सगळं ५ वर न्यायचा मोह आवरावा. आणि पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर प्रिंटर कधीच जोडू नये. ते वायफाय पाहुण्यांच्या यंत्रांना घरातली यंत्रं दिसू नयेत म्हणूनच असतं.

केबलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. जुनी करडी केबल दोन संगणक थेट जोडण्यासाठी ओढलेली असेल तर ती क्रॉसओव्हर असण्याची शक्यता मोठी: एका टोकाला नारिंगी जोडी पहिल्या-दुसऱ्या जागी, दुसऱ्या टोकाला हिरवी. आजचे गिगाबिट पोर्ट ते आपलं आपण ओळखून घेतात, तेव्हा तेवढ्यासाठी ती उपटायची गरज नाही. पण जोडणीच्या ‘स्टेटस’ खिडकीत वेग जरूर पाहावा. तिथं १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसलं आणि दोन्हीकडची पोर्टं गिगाबिट असतील, तर आठांपैकी एखादी तार तुटली आहे किंवा आतल्या चारच तारा जोडलेल्या आहेत. शंभरला दोन जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात. बऱ्याचदा दोष टोकाला असतो. ते कापून नवं बसवायला क्रिंपिंग टूल, दोन-चार आरजे-४५ कनेक्टर आणि दहा मिनिटं पुरे. बाहेरचं आवरण इंचभर सोलावं, जोड्या उलगडाव्यात, तारा अंगठा आणि बोटात धरून सरळ कराव्यात. रंगांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापावीत, अर्ध्या इंचाहून जास्त उलगडलेलं ठेवू नये. कनेक्टरची खिटी खाली करून तारा आत सरकवाव्यात, समोरून पाहिलं की आठही तांब्याचे ठिपके काचेसारख्या प्लास्टिकला टेकलेले दिसले पाहिजेत आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत शिरलेलं असलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर ओढ तारांवर येते आणि सहा महिन्यांत एखादी निखळते. सोलताना तांबं हिरवट, काळपट निघालं, तर तिथपर्यंत ओल शिरली आहे. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जावं. आणि नवी केबल घ्यायची तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या की गावातल्या दुकानात, पण ‘सीसीए’ लिहिलेली नको. ती वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार, चार वेळा वाकवली की तुटते. शुद्ध तांब्याची कॅट-५ई घरासाठी भरपूर झाली. विजेच्या वायरींच्या पाइपातून ती ओढू नये, तो जिवाशी खेळ आहे.

एवढं करूनही मागच्या संगणकावरचं फोल्डर हॉलमध्ये दिसत नसेल, तर विंडोजला राउटर बदलला म्हणजे जाळंच नवं वाटलंय. नव्या जाळ्याला ते सहसा ‘पब्लिक’ समजतं, स्टेशनवरच्या वायफायसारखं, आणि स्वतःला लपवून घेतं. प्रत्येक संगणकावर नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ करावं लागतं. एखादा एक्सपीचा जुना संगणक अजून जपून ठेवलेला असेल, त्यात लग्नाचे फोटो असतील, तर तो नव्या विंडोजला दिसणारच नाही. एक्सपी ज्या जुन्या भाषेत बोलते तो एसएमबी १ प्रोटोकॉल २०१७ च्या त्याच अपडेटनंतर नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेला नसतो. तो चालू करता येतो, पण करू नये. फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्यावेत, तेही लवकर.

प्रिंटरला शेवटी एक पक्का पत्ता बांधून द्यावा. डब्याच्या डीएचसीपी पानावर ‘रिझर्व्हेशन’ असतं, तिथं प्रिंटरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच मिळालेला क्रमांक) आणि त्यापुढे समजा १९२.१६८.१.१२० लिहिलं की तो दर वेळी तोच मिळतो. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत जुना पत्ता हाताने भरलेला असेल तर तो आधी ‘ऑटो’ करावा. मग संगणकावर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ या टॅबवर नवं ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट करून हाच पत्ता द्यायचा. विंडोज आपणहून ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट करून ठेवतं, ते सोयीचं वाटतं, पण चालू प्रिंटरला ऑफलाइन म्हणण्यात त्याचाच हात पुष्कळदा असतो.

गल्लीतल्या केबलवाल्याची लाइन असेल तर आणखी दोन गोष्टी निघतात. त्याच्याकडे जुन्या यंत्राचा मॅक पत्ता नोंदलेला असतो, म्हणून नवा राउटर लावला की लाइन मुकी होते. त्याला फोन करून नोंद बदलून घ्यावी, किंवा राउटरच्या वॅन पानावर ‘मॅक क्लोन’ करून जुनाच पत्ता लावावा. युजरनेम-पासवर्डची पीपीपीओई जोडणी असेल आणि काही साइट झटकन उघडतात पण काही अर्ध्यावर अडकून राहतात असं दिसलं, तर एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, पाहावं. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० च्या जागी १४९२ हवं.

वीज जाऊन आली की मागच्या खोलीत पुन्हा १६९.२५४ दिसू शकतो. घाबरून सेटिंग उचकटू नये. फायबरच्या डब्याला पुरतं जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, संगणक त्याआधीच पत्ता मागून मोकळा झालेला असतो. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, तेवढा वेळ द्यावा किंवा ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ करावं. लोडशेडिंगच्या गावात छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्यायचा तर दोन्ही डब्यांच्या ॲडॉप्टरांवर छापलेले आकडे आधी वाचावेत. फायबरचा डबा १२ व्होल्टचा आणि जुना राउटर ९ चा, अशी जोडी बऱ्याच घरांत असते, आणि ९ च्या राउटरला १२ ची पिन बसते, पण तो जळू शकतो.